पेटंट आणि ट्रेडमार्कचे नूतनीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेल्या पत्रांतून जमले आहेत. विचारणाऱ्यांत एकट्याने शोध लावणारे आहेत, छोटे उद्योजक आहेत, कंपनीत हे काम नुकतेच गळ्यात पडलेले कर्मचारीही आहेत. निम्म्या पत्रांचा आशय एकच असतो: तारीख गेली, आता काय? म्हणून उशीर झालेल्यांसाठीची उत्तरे (प्रश्न ७ ते १०) मुद्दाम सविस्तर दिली आहेत. तुम्ही त्या अवस्थेत असाल तर आधी तिथे जा, बाकीचे मागाहून वाचा. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे जिथे एखाद्या देशाचे नाव घेतले आहे तिथला नियम तेवढ्याच देशापुरता समजावा.

१. नोंदणीचे पैसे एकदा भरले. मग पुन्हा पुन्हा शुल्क कशासाठी?

पेटंट म्हणजे इतरांना मनाई करण्याचा हक्क. ती मनाई ज्याला खरोखर हवी आहे, त्यानेच ती चालू ठेवावी, एवढाच या शुल्कामागचा विचार आहे. म्हणूनच बहुतेक देशांत पेटंट जसे जुने होते तसे शुल्क चढत जाते. ज्या शोधातून काही मिळकत नाही त्याचा मालक एका टप्प्यावर थांबतो आणि तो शोध सर्वांसाठी खुला होतो. पूर्ण मुदत गाठणारी पेटंटे एकूण पेटंटांत थोडीच असतात.

ट्रेडमार्कचे कारण वेगळे. धंदा बंद पडला तरी नाव नोंदवहीत तसेच राहिले, तर नव्या माणसाची वाट विनाकारण अडते. नूतनीकरणामुळे अशी नावे आपोआप गळतात.

२. पेटंटचे नूतनीकरण आणि ट्रेडमार्कचे नूतनीकरण यांत नेमका फरक काय?

फरक मुळातला आहे आणि तो नीट न कळल्यामुळे बरेच घोटाळे होतात. पेटंटची कमाल मुदत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे ती जवळपास सगळीकडे सारखी आहे. शुल्क भरल्याने ही मुदत वाढत नाही. ठरलेल्या मुदतीत पेटंट जिवंत राहते, इतकेच.

ट्रेडमार्कला असा शेवट नाही. दर नूतनीकरणाला नवी मुदत मिळते, आणि ते कितीही वेळा करता येते. ट्रिप्स करारानुसार ही मुदत किमान ७ वर्षांची हवी. प्रत्यक्षात बहुतेक देशांत ती १० वर्षांची असते. कॅनडात ती १५ वर्षे होती, जून २०१९पासून तीही १० झाली. ब्रिटनच्या नोंदवहीतला पहिल्या क्रमांकाचा ट्रेडमार्क, म्हणजे बास या मद्य कंपनीचा लाल त्रिकोण, १ जानेवारी १८७६ रोजी नोंदला गेला आणि आजही चालू आहे. त्या वर्षीच्या प्रत्येक पेटंटची मुदत कधीच संपून गेली.

३. पेटंटचे शुल्क कधी सुरू होते आणि किती वेळा भरावे लागते?

बहुतेक ठिकाणी दरवर्षी. भारतात आणि जर्मनीत तिसऱ्या वर्षापासून, ब्रिटनमध्ये पाचव्या वर्षापासून. जपानमध्ये पहिल्या ३ वर्षांचे शुल्क नोंदणीच्या वेळी एकत्र भरतात आणि पुढे दरवर्षी. अमेरिकेची पद्धत सर्वांहून निराळी: पेटंट मंजूर झाल्यापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी, असे फक्त तीन हप्ते. दोन हप्त्यांमध्ये ४ वर्षे जातात. तेवढ्या काळात माणसे बदलतात, पत्ते बदलतात, म्हणून अमेरिकेतल्या तारखा वार्षिक तारखांपेक्षा जास्त चुकतात असे मी पाहिले आहे.

४. वर्षे मोजायची कोणत्या तारखेपासून? कागदावर तर तीन-चार तारखा आहेत.

इथे घाई करू नका, कारण चूक बहुतेकदा मोजणीतच होते. पेटंटची २० वर्षे त्या देशात अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजतात. आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्जातून (एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याची पद्धत) आलेले पेटंट असेल तर पीसीटी अर्जाची तारीख धरतात; तो अर्ज पुढे त्या देशाच्या कार्यालयात नेल्याची तारीख नव्हे. अग्रक्रमाची तारीख, म्हणजे सर्वांत पहिल्या देशातल्या अर्जाची तारीख, मुदतीच्या हिशेबात धरली जात नाही. पॅरिस करारातच (हवामानाचा नव्हे, पेटंट-ट्रेडमार्कसारख्या औद्योगिक संपदेचा आंतरराष्ट्रीय करार) तशी तरतूद आहे.

शुल्काची तारीख ही आणखी वेगळी गोष्ट. अमेरिकेत मुदत अर्जापासून मोजतात, हप्ते मात्र मंजुरीपासून. युरोपीय पेटंट कार्यालयात अर्जाची वर्षपूर्ती ज्या महिन्यात येते त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. मूळ अर्जातून फोडून काढलेल्या अर्जाला मूळ अर्जाचीच तारीख लागते. त्यामुळे युरोपात असा अर्ज दाखल केल्याबरोबर मागच्या सगळ्या वर्षांचे शुल्क एकदम अंगावर येते. ते ४ महिन्यांत भरले तर दंड लागत नाही.

ट्रेडमार्कलाही एकच नियम नाही. भारतात १० वर्षे अर्जाच्या तारखेपासून, अमेरिका, जपान आणि चीनमध्ये नोंदणीच्या तारखेपासून. प्रमाणपत्रावर ठळक छापलेली तारीख हीच ती तारीख, असे गृहीत धरू नका.

५. पेटंट अजून मंजूरच झालेले नाही. तरी शुल्क भरायचे?

काही ठिकाणी हो. युरोपीय पेटंट कार्यालयात अर्ज प्रलंबित असला तरी तिसऱ्या वर्षापासून शुल्क द्यावे लागते. कॅनडातही प्रलंबित अर्जावर ते लागते. अमेरिकेत लागत नाही. भारतात मंजुरीपर्यंत थांबतात, पण मंजुरीची नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत मधल्या सगळ्या वर्षांची थकबाकी भरायची असते. मंजुरीच्या आनंदात ही थकबाकी विसरलेले अर्जदार माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे खास सांगतो.

६. तारीख जवळ आली की कार्यालयाकडून पत्र येईलच ना?

त्यावर विसंबू नका. काही कार्यालये सौजन्य म्हणून आठवण देतात, काही देत नाहीत. माद्रिद पद्धतीच्या, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत नोंदवलेल्या, आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्कसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटना मुदतीच्या ६ महिने आधी सूचना पाठवते. पण सूचना मिळाली नाही ही सबब चालणार नाही, असे तिच्याच नियमात लिहिले आहे. पत्र जाते ते नोंदवहीतल्या पत्त्यावर. तो पत्ता ८ वर्षांपूर्वी सोडलेल्या एजंटचा असेल तर तुमच्यापर्यंत काय पोचणार?

एक साधा तक्ता करा: देश, नोंदणी क्रमांक, मोजणीची तारीख, शुल्काची शेवटची तारीख, वाढीव मुदतीची (प्रश्न ७) शेवटची तारीख, जबाबदार माणूस. तो दोन जणांकडे असू द्या आणि दोघांपैकी एक जण बाहेरचा, म्हणजे एजंट किंवा वकील, असला तर उत्तम. एजंटला एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: "माझ्याकडून काही कळले नाही तर तुम्ही शुल्क भरणार की सोडून देणार?" दोघांनीही दुसरा भरेल असे समजायचे आणि पेटंट जायचे, हे फार वेळा होते.

७. शेवटची तारीख कालच गेली. सगळे संपले का?

नाही. पॅरिस कराराने सदस्य देशांवर असे बंधन घातले आहे की औद्योगिक संपदेचे हक्क टिकवण्याच्या शुल्काला किमान ६ महिन्यांची सवलतीची मुदत द्यावी. जादा शुल्क घेण्याची मुभा आहे. म्हणून पेटंट असो वा ट्रेडमार्क, या ६ महिन्यांत विलंब शुल्कासह पैसे भरले की हक्क अखंड राहतो. कारण सांगावे लागत नाही, शपथपत्र लागत नाही.

पण हे ६ महिने म्हणजे पैसे उशिरा देण्याची सोय नव्हे. विलंब शुल्क चांगलेच बोचते. युरोपीय पेटंट कार्यालयात ते मूळ शुल्काच्या ५० टक्के आहे. शिवाय तुमचा शोध वापरण्याचा परवाना घेऊ पाहणारा माणूस नोंदवही पाहतो तेव्हा त्याला थकबाकी दिसते, आणि बोलणी त्याच्या बाजूला झुकतात.

८. ती ६ महिन्यांची मुदतही गेली. आता?

आता पैसे पुरत नाहीत, कारण द्यावे लागते. बहुतेक देशांत पुनर्स्थापनेची, म्हणजे बंद पडलेला हक्क परत मिळवण्याची, तरतूद आहे, पण तिची कसोटी दोनपैकी एक असते. पहिली: चूक हेतुपुरस्सर नव्हती हे दाखवा. दुसरी, कितीतरी कडक: आवश्यक ती सगळी काळजी घेऊनही चूक झाली हे दाखवा. अमेरिका, ब्रिटन आणि भारत पहिल्या बाजूला आहेत. युरोपीय पेटंट कार्यालय दुसऱ्या. दुसऱ्या कसोटीत "विसरलो" एवढे म्हणून भागत नाही. तारखा सांभाळण्याची नीट व्यवस्था होती आणि नेमकी एकदाच ती कुठे कोलमडली, हे कागदांनिशी मांडावे लागते. प्रश्न ६ मधला तक्ता इथे पुरावा म्हणून कामी येतो.

मुदतीही वेगवेगळ्या आहेत. भारतात पेटंट बंद पडल्यापासून १८ महिन्यांत अर्ज करता येतो. ट्रेडमार्कसाठी भारतात मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत पुनर्स्थापना मागावी लागते. अमेरिकेत पेटंटसाठी ठराविक शेवटची तारीख नाही, पण २ वर्षांहून अधिक उशीर झाला तर त्याचा खुलासा वेगळा मागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पैसे वाचवण्यासाठी शुल्क भरायचे नाही असे तुम्ही ठरवले होते आणि आता धंदा सुधारल्यावर पेटंट परत हवे आहे, अशी स्थिती असेल तर "अनवधानाने राहिले" असे लिहू नका. ते खोटे निवेदन ठरते, आणि पुढे दावा लागला की समोरचा वकील सर्वांत आधी तुमची जुनी ईमेल मागवतो.

९. पेटंट परत मिळाले, पण मधल्या काळात दुसऱ्याने ती वस्तू बनवायला सुरुवात केली. त्याला थांबवता येईल का?

बहुधा पूर्णपणे नाही. ज्याने नोंदवही पाहून, पेटंट बंद पडले आहे या भरवशावर यंत्रे घेतली, त्याला कायदा संरक्षण देतो. भारतात पेटंट बंद पडल्यापासून पुनर्स्थापनेचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळातल्या वापराबद्दल दावा करता येत नाही. अमेरिकेत मधल्या काळात सुरू झालेले उत्पादन पुढेही चालू ठेवण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. परत आलेले पेटंट जाताना होते तेवढे मजबूत असेलच असे नाही.

१०. परत मिळवण्याची खटपट करण्याऐवजी नवा अर्जच केला तर?

पेटंटसाठी हा रस्ता बंद आहे. तुमचा शोध तुमच्याच जुन्या पेटंटमध्ये प्रसिद्ध झालेला असतो, त्यामुळे तो नवा राहत नाही. स्वतःचाच कागद स्वतःच्या विरोधात जातो.

ट्रेडमार्कसाठी नवा अर्ज करता येतो, पण जुनी तारीख गेली ती गेली. मधल्या काळात कोणी मिळतेजुळते नाव दाखल केले असेल तर तो तुमच्या पुढे. थोडा दिलासा आहे: भारत आणि ब्रिटनच्या कायद्यांत मुदत संपलेला मार्क आणखी एक वर्ष नव्या अर्जांच्या आड येतो, पण आधीच्या २ वर्षांत त्याचा खरा वापर झालेला असेल तरच. भारतात हे मार्क नोंदवहीतून काढल्यापासून मोजतात.

११. मोठ्या कंपन्यांकडून अशा चुका होत नसतील ना?

होतात. सेमॅग्लुटाइड हे मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी जगभर गाजलेले औषध. त्याचे कॅनडातले पेटंट शुल्क न भरल्यामुळे २०१९मध्ये बंद पडले. शुल्काची रक्कम औषधाच्या विक्रीपुढे नगण्य होती. ही गोष्ट २०२५मध्ये सर्वत्र चर्चेत आली, तोवर पेटंट परत मिळवण्याची संधी कधीच हुकली होती. मोठ्या कंपनीकडे वकील असतात हे खरे, पण तारीख त्यांच्याहीसाठी थांबत नाही.

१२. ट्रेडमार्क वापरात नाही. तरी रिन्यू करून ठेवला तर सुरक्षित राहील का?

नोंदवहीत राहील, सुरक्षित राहीलच असे नाही. वापर नसलेला मार्क रद्द करण्याची मागणी कोणीही बाधित व्यक्ती करू शकते. युरोपीय संघात सलग ५ वर्षांचा, जपान आणि चीनमध्ये ३ वर्षांचा, भारतात ५ वर्षे आणि ३ महिन्यांचा खंड पुरतो. अमेरिकेत तर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान, आणि पुढे दर १० वर्षांनी, वापराचा नमुना जोडून निवेदनच द्यावे लागते. ज्या मालावर मार्क वापरत नाही तो माल यादीतून स्वतःहून काढा. २०१७पासून तिथे अशा निवेदनांची निवडक तपासणी होते.

काही जण खंड भरत आला की तोच मार्क नव्याने दाखल करतात, म्हणजे वापराचे घड्याळ पुन्हा शून्यावर येईल असा हिशेब. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने युरोपात मोनोपॉली या नावाबाबत असे केले. तो अर्ज वाईट हेतूने केला असे ठरले आणि २०२१मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला.

१३. आमचा लोगो बदलला आहे. नूतनीकरणाच्या वेळी नवा चढवता येईल?

नाही. जे नोंदले आहे तेच पुढे चालते. किरकोळ बदलासाठी काही देशांत स्वतंत्र अर्ज आहे, पण चिन्हाची ओळखच बदलली असेल तर नवा अर्ज करावा लागतो. नवा मंजूर होईपर्यंत जुना सोडू नका. जुना पुढे ठेवायचा का, हे तो कुठे तरी वापरात राहणार आहे का यावर ठरवा (प्रश्न १२).

१४. पाच वर्गांत नोंदणी आहे. सगळे रिन्यू करणे भाग आहे का?

नाही, हवे तेवढेच वर्ग ठेवता येतात. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत, आणि सुरुवातीच्या उत्साहात लोक जास्त वर्ग घेतात. दहा वर्षांनी शांतपणे यादी पाहा. मात्र सोडलेला वर्ग परत हवा झाला तर तो नव्या तारखेनेच मिळेल.

१५. माद्रिद पद्धतीने घेतलेला आंतरराष्ट्रीय मार्क एकदा रिन्यू केला की सर्व देशांचे काम झाले?

नूतनीकरण हो, बाकीचे नाही. दर १० वर्षांनी एकाच अर्जाने सगळ्या देशांचे नूतनीकरण होते, हा या पद्धतीचा खरा फायदा. पण अमेरिकेचे वापराचे निवेदन अमेरिकेच्याच कार्यालयात वेगळे द्यावे लागते. ते चुकले तर आंतरराष्ट्रीय नोंदणी चालू असूनही अमेरिकेपुरते संरक्षण जाते. शिवाय पहिली ५ वर्षे हा मार्क मायदेशातल्या मूळ नोंदणीवर उभा असतो. त्या काळात मूळ नोंदणी नूतनीकरणाअभावी गेली तर सगळ्या देशांतले छप्पर एकदम कोसळते.

पेटंटला असे जागतिक छप्परच नाही. २०२३च्या १ जूनपासून युरोपात एकात्मिक पेटंट आले आहे, त्यात सहभागी देशांसाठी एकच वार्षिक शुल्क भरावे लागते. इतरत्र देशागणिक भरणे आलेच.

१६. एका सरकारी वाटणाऱ्या संस्थेचे पत्र आले आहे, लगेच पैसे भरा म्हणून. भरू का?

आधी थांबा. नोंदवही सर्वांना खुली असते, त्यातून नाव, क्रमांक आणि मुदत उचलून बनावट मागणीपत्रे पाठवणारे लोक आहेत. कागदावर मोहोर असते, रक्कम अधिकृत शुल्काच्या कैक पट असते, आणि पैसे भरूनही प्रत्यक्ष नूतनीकरण होईलच याची खात्री नसते. जागतिक बौद्धिक संपदा संघटना आणि युरोपीय संघाचे कार्यालय अशा पत्रांचे नमुने इशारा म्हणून प्रसिद्ध करतात. पत्रातल्या फोनवर चौकशी करू नका. कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून थकबाकी स्वतः तपासा.

१७. शुल्क झेपत नाही. पेटंट सोडून द्यावे का?

सोडणे हाही योग्य निर्णय असू शकतो, फक्त तो निर्णय असावा, विसर पडलेला नसावा. त्याआधी तीन गोष्टी पाहा. एक, लहान अर्जदारांची सवलत: अमेरिकेत लहान उद्योगांना ६० टक्के आणि अतिलहान अर्जदारांना ८० टक्के कपात आहे, भारतात व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना शुल्क बरेच कमी आहे. दोन, ब्रिटन आणि जर्मनीत "मागेल त्याला परवाना देईन" अशी नोंद केली तर वार्षिक शुल्क निम्मे होते. परवाने विकायचेच असतील तर ही सोय अतिशय चांगली आहे आणि फार कमी लोक वापरतात. तीन, देश निवडा. जिथे माल विकला जातो किंवा जिथे प्रतिस्पर्ध्याचा कारखाना आहे तेवढेच ठेवा.

१८. पेटंट विकत घेतले, पण नोंदवहीत अजून जुन्या मालकाचे नाव आहे. शुल्क कोण भरणार?

अमेरिकेत आणि युरोपीय पेटंट कार्यालयात शुल्क कोणीही भरू शकतो, म्हणून हस्तांतराची नोंद होईपर्यंत वाट पाहत बसू नका. शुल्क आधी भरा. खरेदीच्या करारात पुढची देय तारीख आणि ती कोणाच्या अंगावर, हे स्पष्ट लिहून घ्या. ट्रेडमार्कच्या बाबतीत मालकाचे नाव न जुळल्यास अर्ज अडकू शकतो, तिथे हस्तांतराची नोंद आधी उरकलेली बरी.

१९. २० वर्षे झाली. आणखी काही वर्षे मिळू शकतात का?

औषधे आणि पीकसंरक्षक रसायने यांना काही देशांत मिळू शकतात, कारण विक्रीची परवानगी मिळेपर्यंत त्यांची बरीच वर्षे वाया जातात. युरोपीय संघात आणि अमेरिकेत हा वाढीव काळ कमाल ५ वर्षांचा असतो. तो आपोआप मिळत नाही. परवानगी मिळाल्यावर ठराविक मुदतीत अर्ज करावा लागतो. भारतात अशी मुदतवाढ नाही.

२०. पेटंट संपल्यानंतरही जुन्या करारानुसार रॉयल्टी घेता येते का?

अमेरिकेत मुदतीनंतरच्या वापराची रॉयल्टी वसूल करता येत नाही. १९६४चा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये स्पायडर-मॅनच्या खेळण्यावरून झालेल्या खटल्यात कायम ठेवला. मुदतीतल्या वापराचे पैसे पुढे हप्त्यांनी घेता येतात. त्याचप्रमाणे पेटंट जिवंत असताना झालेल्या उल्लंघनाची भरपाई ते संपल्यावरही मागता येते, दावा वेळेत केला असेल तर.

२१. ट्रेडमार्कची मुदत संपली आहे. वेष्टनावर वर्तुळातला आर चालेल का?

नाही. नोंदणी नसताना नोंदणीकृत म्हणून दाखवणे भारत आणि ब्रिटनसह अनेक देशांत बेकायदेशीर आहे. पुनर्स्थापनेचा अर्ज (प्रश्न ८) केला असेल तरी निकाल लागेपर्यंत नवी वेष्टने त्या चिन्हाशिवाय छापा.

२२. डिझाइन, कॉपीराइट यांचेही नूतनीकरण असते का?

डिझाइनचे असते. आंतरराष्ट्रीय हेग पद्धतीत ते दर ५ वर्षांनी करतात. अमेरिकेच्या डिझाइन पेटंटला मात्र मंजुरीनंतर कोणतेच शुल्क नाही. कॉपीराइटला बर्न कराराच्या देशांत नोंदणीच लागत नाही, त्यामुळे नूतनीकरणही नाही. कॉपीराइट "रिन्यू" करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर प्रश्न १६ वाचा.